गावाचं बेट होतं तेव्हा यादी कुणाच्या हातात? मराठवाड्याच्या आठही जिल्हाधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण,
छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी व हिंगोली.

विषय: मदत वाटण्याआधी मागणीची यादी करण्याबाबत.

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

मी तेरणाकाठच्या एका गावातला निवृत्त शिक्षक. गावातल्या निम्म्या लोकांचे अर्ज मीच लिहून देतो, त्यामुळे अर्जाचं पुढं काय होतं ते चांगलं ठाऊक आहे. बारनिशीत शिक्का बसतो आणि कागद आत जातो तो जातोच. म्हणून हे पत्र उघड लिहितोय. मिरग तोंडावर आलाय, आता लिहिलं नाही तर पुन्हा चिखलात उभं राहूनच बोलावं लागेल.

सप्टेंबर 2025 मध्ये, घटस्थापनेच्या रात्री, आमच्याकडं पाणी आलं. पावसाचं वर्णन करत बसत नाही, तुमच्यापैकी बरेच जण स्वतः गुडघाभर गाळातून फिरलात. मला सांगायचंय ते पाणी उतरल्यानंतरचं.

तिसऱ्या दिवशी पहिला टेम्पो आला. दसऱ्यापर्यंत नऊ टेम्पो फाट्यावर येऊन गेले. समाजमंदिराची किल्ली माझ्याकडं होती म्हणून आकडा पक्का सांगतो. प्रत्येकात जवळपास तेच सामान: तेलाची पिशवी, साखर, तूरडाळ, मीठ, साबण, बिस्किटांचे पुडे, पाण्याच्या बाटल्या. वर जुने कपडे. एका खोक्यातून जाडजूड लोकरी स्वेटर निघाले. ऑक्टोबरचं ऊन लागायच्या बेतात असताना स्वेटर! पोरांनी ते डोक्यावर घेऊन चिखलात नाच केला, तेवढीच दोन मिनिटं गाव हसलं. एकाच घरात पाच-पाच किट गेले आणि त्या घरात संक्रांत झाली तरी मीठ सरलं नव्हतं. याच नऊ टेम्पोंपैकी एकही ओढ्यापलीकडच्या वस्तीवर पोचला नाही, कारण पूल खचला होता आणि तिकडं पंचवीस घरं आहेत हे टेम्पोवाल्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

वस्तीवरची एक बाई कमरेएवढ्या पाण्यातून ओढा ओलांडून आली. रांगेत उभी राहिली, किट घेतला, उघडून बघितला आणि मला म्हणाली, "गुर्जी, बिस्कुटं लेकरं खातेत. म्हशीला काय घालू? ह्ये घ्या माघारी आन् चार पेंढ्या कडबा द्या." कडब्याची अख्खी गंज तिची वाहून गेली होती. म्हैस जगली होती आणि दावणीला उपाशी होती. माझ्याकडं कडबा नव्हता. नऊच्या नऊ टेम्पोंत कडब्याची एक पेंढी नव्हती.

विहिरींचंही तसंच. बाटल्यांचे खोके छतापर्यंत लागले, पण गाळानं भरलेल्या विहिरी उपसायला इंजिन नव्हतं आणि पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर मिळाली ती आठवड्यानं. इंजिन आणि पावडर पहिल्या दोन दिवसांत आली असती, तर बाटल्या लागल्याच नसत्या.

देणाऱ्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. रात्रभर गाडी हाकून आलेली ती पोरं होती, काहींनी स्वतःच्या पगारातून भर घातली होती. पिशवीवरच्या पुढाऱ्यांच्या फोटोंबद्दल बरंच बोलून झालंय. माझं फोटोबद्दल काही म्हणणं नाही, फोटोखाली आत काय आहे ते लिहिलेलं असावं एवढंच. खरी गोम अशी की त्या पोरांनी मला विचारलं होतं, "सर, अजून काय लागतंय?" आणि मला नीट सांगता आलं नाही. माझ्याकडं यादी नव्हती. तहसीलला फोन लावला, तर तिकडून मलाच विचारलं, "तुमच्याकडं किती किट आले?"

त्या दिवसांत टॉवरची बॅटरी संपलेली, पुढं रस्ता नाही, मागं ओढा. पुरात गावाचं बेट होतं असं आपण म्हणतो. मग मनात आलं, जे लोक कायमचेच बेटावर राहतात ते कसं करत असतील? हिवाळाभर मोबाईलवर हेच वाचत बसलो. त्यातलं थोडं सांगतो.

पॅसिफिक महासागरात वानुआतू नावाचा देश आहे, ऐंशीच्या वर बेटं. मार्च 2015 मध्ये तिथं पाम नावाचं चक्रीवादळ आलं. जगभरातून लोकांनी सामान पाठवलं. न मागता आलेल्या सामानाचे सत्तराहून जास्त कंटेनर बंदरात येऊन पडले. दहा महिन्यांनी त्यातले 18 तिथंच होते, बंदराचं भाडं चढत होतं आणि आतलं निम्म्याहून जास्त अन्न मुदत संपून गेलेलं. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 2016 मध्ये, फिजीवर विन्स्टन वादळ आलं. तिथं असे 133 कंटेनर आणि 8,147 सुटे नग आले. त्यात काय होतं? गालिचे आणि लोकरी कपडे! उष्ण कटिबंधातला तो देश. वाचताना मला आमचे स्वेटर आठवले आणि उगाच बरं वाटलं, की शहाणपणात आपण एकटेच मागं नाही.

पण ते देश तिथंच थांबले नाहीत. एप्रिल 2020 मध्ये वानुआतूवर हॅरॉल्ड वादळ आलं तेव्हा कोरोनामुळं सीमा बंद होत्या आणि बाहेरच्या मदत पथकांना आत येता येत नव्हतं. सामान आलं, माणसं आली नाहीत. काम केलं ते तिथल्याच लोकांनी. टोंगाचं तर मला फारच आवडलं. 15 जानेवारी 2022 रोजी तिथं समुद्रातला ज्वालामुखी फुटला, समुद्राखालची केबल तुटली आणि देशाचं जगाशी बोलणंचालणं बंद झालं. पाणी प्यायला नाही, सगळीकडं राख. अशा वेळी त्या एवढ्याशा देशानं सांगितलं, की आमच्याकडं कोरोना शिरलेला नाही, तो तुम्ही आणू नका, सामान धक्क्यावर ठेवा, तीन दिवस आम्ही हात लावणार नाही, मग घेऊ. ऑस्ट्रेलियासारख्या देशांच्या नौदलानं ती अट पाळली. घेणाऱ्यानं अट घातली आणि देणाऱ्यानं ऐकली! आमच्या फाट्यावर कुणी अशी अट घातली असती, तर माजलेत म्हणून गावाचं नाव झालं असतं.

कॅरिबियनचं म्हणाल, तर ती बेटं आमच्या पिढीला रेडिओवरच्या कॉमेंट्रीतून ठाऊक. तिथल्या सुमारे वीस देशांनी आणि प्रदेशांनी मिळून आपत्तीसाठी एक सामाईक संस्था चालवली आहे, 1991 पासून, मुख्यालय बार्बाडोसला. तिची चार उपकेंद्रं आहेत: जमैका, अँटिग्वा, बार्बाडोस आणि त्रिनिदाद. (चारही नावं क्रिकेटमुळं तोंडपाठ असतील.) प्रत्येक केंद्राकडं आसपासची बेटं वाटून दिलेली. वादळ आलं, की कुणी कुणाकडं धावायचं हे त्या दिवशी ठरवत नाहीत, आधीच ठरलेलं असतं. आपल्याकडं नांदेडला पूर आला तर परभणीनं काय द्यायचं हे कुठं लिहिलंय का? असेल तर आराखड्याच्या जाड फाईलीत असेल. आमच्या गावापर्यंत ते आलेलं नाही.

उलटं उदाहरणही त्याच समुद्रातलं. 12 जानेवारी 2010 रोजी हैतीत भूकंप झाला. जगातून संस्था लोटल्या, विमानतळाला धावपट्टी एकच. मदतीच्या समन्वयाच्या बैठका विमानतळाजवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या तळावर व्हायच्या आणि बऱ्याचशा इंग्रजीत. ज्यांची घरं पडली ते बोलत होते हैतीची क्रेओल. त्यांच्या स्थानिक संस्था फाटकाबाहेर राहिल्या. कुठल्या आळीत किती माणसं दबली, कोणत्या विहिरीला पाणी आहे, हे ठाऊक असणारे बाहेर आणि तक्ते भरणारे आत. आपल्या जिल्ह्याच्या पातळीवरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात अधिकारी असतात, संस्था असतात, पत्रकार असतात. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचं कुणी असतं का, एकदा नावं वर-खाली करून बघा.

हे सगळं परदेशातलं म्हणून बाजूला ठेवायचं असेल तर ठेवा. किल्लारीचा भूकंप तर आपलाच आहे.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. दगडामातीच्या भिंती, वर माळवदाचं ओझं, सगळं झोपेतच अंगावर आलं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, नुकता डी.एड. झालेला. आम्ही चौघे मित्र दुसऱ्या दिवशी सास्तूरच्या बाजूला गेलो. माती उकरायला फावडी कमी आणि बघ्यांच्या गाड्या जास्त, असा प्रकार. पुढच्या आठवड्यात रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग लागले. पाऊस पडला, ढीग कुजले, त्यांना वास सुटला. त्या ढिगात एक लग्नातला शेला होता, जरीचा. तो कुणी, काय विचार करून पाठवला असेल, हे मला बत्तीस वर्षांत सुटलेलं नाही.

पण त्याच भूकंपानंतर आपल्याकडं असं काही झालं, की ते शिकायला जगातून लोक आले, आणि आपण ते विसरलो. 52 गावं पूर्ण उठवून नव्या जागी बसवली. तिथं घरं रांगेत आली आणि आळ्या मोडल्या, म्हातारी माणसं कितीतरी दिवस आपलं घर शोधत फिरायची. त्याबद्दल लोकांनी बोलायचं ते बोलून झालंय. मला आठवतं ते दुसरं. ज्या शेकडो गावांत घरं पडली नव्हती, नुसती तडकली होती, तिथं दुरुस्तीच्या कामात महिला मंडळातल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं सरकारबरोबर राहून हे काम उभं केलं. या बायका घरोघरी जाऊन सांगायच्या, पैसा किती आलाय, भिंतीत काय घालायचं, हप्ता का अडलाय. आणि घरातलं गाऱ्हाणं इंजिनियरपर्यंत न्यायच्या. डोक्यावर पदर घेऊन इंजिनियरला "सायेब, ह्या कोपऱ्यात लोखंड कुठंय?" असं विचारणारी बाई मी डोळ्यांनी बघितलीय. साहेबानं कोपरा पुन्हा उकरला होता.

समन्वय आपल्याला जमत नाही, असंही नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा जमला होता. पहिल्या गाडीला दहाच वाघिणी होत्या, साधारण 5 लाख लिटर. मग पन्नास वाघिणींची गाडी. त्या वाघिणी राजस्थानात कोट्याला वाफेनं धुऊन घेतल्या होत्या, कारण आधी त्यांतून दुसरंच काही जायचं. मिरजेत पाणी कुठून भरायचं, लातुरात ते कुठं उतरवायचं, पुढं शहरात कसं न्यायचं, हे सगळं ठरल्यावरच गाडी हलली. पाणी भरून आधी पाठवू आणि उतरवायचं नंतर बघू, असं केलं असतं तर काय झालं असतं? पण तेलाच्या पिशव्यांचं आणि सतरंज्यांचं आपण नेमकं तसंच करतो.

तर माझी मागणी एवढीच आहे. मिरगाआधी प्रत्येक गावाची एक मागणीवही करावी. ती गावातच व्हावी, ग्रामसंघाच्या बायका, आशाताई आणि शाळेतले शिक्षक मिळून करतील. तलाठ्यांनी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण जीभ वळत नाही) फक्त सही करावी. त्यांच्याकडं चार-चार गावं, पाऊस सगळीकडं एकदम पडतो, ते बिचारे कुठं पुरणार. वहीत ओढ्यापलीकडची घरं पहिली यावीत. बाळंतपणाला आलेल्या मुली, डायलिसिसवाले, अंथरुणाला खिळलेले. जनावरं किती आणि त्यांना रोज वैरण किती. विहिरी कोणत्या, कुणाकडं इंजिन आहे, होडी किंवा मोठा दोर कुणाकडं आहे. हा शेवटचा भाग महत्त्वाचा, कारण पहिले दोन दिवस गाव गावाच्याच सामानावर जगतं, तुमचं पथक नंतर येतं. हे तक्रार म्हणून सांगत नाही. सगळीकडं असंच असतं.

वही कागदाची असावी. अ‍ॅपचा आग्रह नको, टॉवर बंद पडल्यावर अ‍ॅप काय करणार? टोंगाची तर अख्खी केबल तुटली होती.

आणि तालुक्याला एकच दार असावं. बाहेरून येणारी गाडी आधी तिथं थांबेल, कुठल्या गावाला काय हवंय ते बघेल आणि पावती घेऊन पुढं जाईल. मोंढ्यात आडत्याकडं सोयाबीनचं पोतं टाकलं तरी काटापट्टी मिळते. ज्याच्या घरात गाळ भरलाय त्याच्या नावानं आलेल्या सामानाला ती का नसावी? रोज संध्याकाळी तहसीलबाहेरच्या फळ्यावर लिहावं, आज काय आलं, कुठं गेलं, उद्या काय हवं, आणि काय नको. "कपडे आणू नका, कडबा आणा" असं तुमच्या सहीनं जाहीर झालं, तर आणणारे तेच आणतील. माझ्या सांगण्यानं आणणार नाहीत.

शेजारधर्माबद्दल थोडं. पुरात एकमेकांच्या मदतीला धावायचे जोड-तालुके करायचे तर एकाच नदीवरचे करू नका. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला. तिघी एकदम फुगल्या तर दोन्ही जोडीदार बुडणार. सीना भीमेकडं जाते, तिचा हिशोब वेगळा. ऑगस्ट 2025 मध्ये नांदेडच्या मुखेड तालुक्यात लेंडी नदीच्या पाण्यानं गावं वेढली, तेव्हा आमच्याकडची परिस्थिती बरी होती, आम्ही जाऊ शकलो असतो. सप्टेंबरात मात्र आठही जिल्हे एकदम सापडले. तेव्हा एक जोडीदार मराठवाड्याबाहेरचा हवाच, खानदेशातला किंवा विदर्भातला. कॅरिबियनला ही सोय निसर्गानंच दिलीय, एका वादळात सगळी बेटं सहसा सापडत नाहीत.

पैशांचाही विषय आहे. 7 ऑक्टोबर 2025 रोजी राज्य सरकारनं 31,628 कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. आकडा मोठा होता. गावात मात्र बोलणं व्हायचं ते पंचनाम्याचं, फार्मर आयडीचं, केवायसीचं आणि बोटाचा ठसा उमटत नाही याचं. कॅरिबियन देशांनी 2007 मध्ये मिळून विम्याचा एक निधी काढला. वाऱ्याच्या वेगावरून किंवा पावसावरून काढलेला नुकसानीचा अंदाज ठरलेल्या आकड्याच्या वर गेला, की पंचनामा न करता 14 दिवसांच्या आत पैसे. आमच्या पुरानंतर महिनाभरानं, 28 ऑक्टोबर 2025 रोजी, जमैकावर मेलिसा वादळ आदळलं. त्या देशाचा 15 कोटी डॉलरचा आपत्ती रोखा (ठरलेल्या मापाची आपत्ती आली की पैसे मिळतात असा करार) होता, वादळाच्या केंद्रातला हवेचा दाब ठरल्यापेक्षा खाली गेला म्हणून ती रक्कम पूर्ण मिळाली. हे पैसे सरकारला मिळतात, शेतकऱ्याच्या खात्यावर नाही, हे मला समजतं. पण आपल्याकडं प्रत्येक महसूल मंडळात पाऊस मोजला जातोच. 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी. मग त्याच आकड्यावर पहिला हप्ता, थोडा का होईना, लगेच का देऊ नये? पंचनामा होत राहील मागून.

यात एक मेख आहे, ती मीच सांगतो. आमच्या मंडळात पाऊस कमी पडला आणि वरच्या धरणातून पाणी सुटलं, तर मापक कोरडा आणि गाव पाण्यात. तेव्हा मापकाबरोबर विसर्गाचा आकडाही धरावा लागेल. विसर्गावरून आठवलं: इतके हजार क्युसेक सोडले, असा मेसेज येतो. कृपा करून त्याचं भाषांतर करा. पाणी पारापर्यंत येणार का मारुतीच्या दुसऱ्या पायरीपर्यंत, एवढं आम्हाला कळलं तर म्हशी वेळेत सोडता येतात. आमच्या मारुतीच्या पायऱ्यांवर जुन्या पुरांच्या खुणा आहेत, पाटबंधारेवाल्यांनी एक दिवस येऊन त्या मोजून न्याव्यात. चहा आम्ही पाजू.

आमच्या गावाची वही आम्ही केलीय. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर वस्तीवरची पंचवीस घरं आहेत, पाचव्या ओळीत त्या बाईचं नाव, पुढं "म्हैस 1, वासरू 1, वैरण रोज 20 किलो". वासरू माघात झालं. तिच्याच सांगण्यावरून समाजमंदिराच्या माळ्यावर शंभर पेंढ्या कडबा रचून ठेवलाय, वर ताडपत्री. वहीच्या दोन झेरॉक्स प्रती काढल्यात. एक गावात राहील. दुसरी कुठल्या खिडकीवर द्यायची तेवढं कळवावं. मी बुधवारी बाजाराला तालुक्याला येतो.

आपला विश्वासू,
तेरणाकाठचा एक निवृत्त शिक्षक